चित्र नेमकं कुठं अडकतं

१० ऑगस्ट २०२५, रविवार

आज मशीन उभं राहिलं, घरात बसून विमान चालवायचं सिम्युलेटर. वैमानिकाला प्रत्येक उड्डाण वहीत लिहावं लागतं म्हणे. सुकन्याच्या विमान शिकायच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तशी वही दिली. म्हटलं, पोरगी खरं विमान लिहील, तर तिचं घरचं विमान मी बांधलंय, त्याची वही मी लिहीन. कुणाला दाखवायची नाही, बायकोला, रोहिणीला तर मुळीच नाही. वाचली की आठवडाभर मला 'कॅप्टन' म्हणेल.

काष्टीत बावीस वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर उघडतोय. अर्ध्या गावातले सीसीटीव्ही माझ्या हातचे आहेत. पण असं मशीन आजवर बांधलं नव्हतं. साध्या खेळाला चांगलं ग्राफिक कार्ड टाकलं की भागतं. हे विमान प्रोसेसरचा जीव काढतं. वारा, ढग, खालची शेतं, इंजिनाचा आवाज, सगळं त्याला त्या त्या क्षणी मोजावं लागतं. त्यात सेकंदाला तीसेक चित्रं सलग आली तर डोळ्याला ते उडणं वाटतं, कमी आली की बैलगाडी. डब्यावर लिहिलेलं असतं 'यावर चालेल'. चालेल हो, म्हातारं माणूसही चालतं.

माझ्या मशीनवर चाळीसच्या वर आली. सुकन्यानं हँडल धरलं, पायाखाली पायडल घेतले आणि विमान वर गेलं. स्क्रीनवर भीमा दिसली, रेल्वेचा पूल दिसला. पावसामुळं शाळेचं खरं उड्डाण दसऱ्यापर्यंत बंद आहे, वर्ग ऑनलाइन आहेत. तोवर पोरगी घरी बसून हात बसवणार. तिच्या फीसाठी रस्त्याकडेचा प्लॉट विकताना जीव तुटला होता. आज त्याचं काही वाटलं नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पहिली कुरबुर. मी बाहेर चहा घेत होतो, आतून सुकन्यानं हाक मारली की चित्र अडकलं. जाऊन बघतो तर चालू आहे. ती म्हणाली, आत्ता अडकलेलं. पुलाच्या अलीकडं होते आणि एकदम पुढच्या गावावर. मधलं दिसलंच नाही.

याला आमच्यात स्टटर म्हणतात. चित्र थबकतं आणि मग उडी मारतं. बहुतेक उष्णता. कॅबिनेटला आणखी दोन पंखे बसवतो.

रोहिणी स्वयंपाकघरातून म्हणाली, "कशाचं अडकतंय, तिचीच तंद्री लागली आसंल." दोघी हसल्या. सुकन्याची तंद्री ही आमच्या घरातली जुनी गंमत आहे. दहावीत बाई फळ्यावरचं विचारायच्या आणि ही खिडकीकडं बघत बसलेली. वर्गात तिला 'हँग' म्हणायचे. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच म्हणतं, कॉम्प्युटर हँग झाला. त्यातल्या निम्म्यांना मी मनात म्हणतो, नाचता येईना अंगण वाकडं. पण हे अंगण मी स्वतः सारवलंय. ते वाकडं असेल तर मला कळायला हवं.

२४ ऑगस्ट, रविवार

पंखे बसवले. काल दोनदा अडकलं, आज एकदा.

आता संशय विजेवर. शेतीपंपांना थ्री फेज आली की गावातल्या मोटारी एकदम चालू होतात आणि आमच्याकडं बल्ब मान टाकतो. वायरमन हनुमंतला बोलावलं. शाळेपासूनचा दोस्त आहे, पण वीज मंडळात लागल्यापासून स्वतःला इंद्र समजतो. त्यानं मीटर लावून बघितला आणि व्होल्टेज ठीक आहे म्हणाला. मी तरी नवा यूपीएस आणलाच. तो बसवताना हनुमंत शेजारी उभा राहून म्हणाला, "कल्यान, दुखनं म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला, आसं चाललंय तुझं." मी म्हटलं, तू खांबावर चढायचं बघ. चहा पिऊन गेला.

७ सप्टेंबर, रविवार

यूपीएसनं फरक नाही. रॅम वाढवली, फरक नाही. विंडोज नव्यानं टाकली, फरक नाही.

आज एक प्रोग्राम चालू ठेवला. चित्र किती वेगानं येतंय त्याची रेघ तो काढत जातो. चित्र थबकलं की रेघ खाली पडायला पाहिजे. सुकन्याला सांगितलं, अडकलं की लगेच ओरड. ती ओरडली तेव्हा मी रेघ बघितली. सरळ होती. मागंपुढं सगळी सरळ होती, गव्हाच्या वाफ्यासारखी.

म्हणजे हा प्रोग्रामही नीट नाही. फुकटचं सॉफ्टवेअर, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची. त्यापेक्षा मला पोरीच्या डोळ्यांवर भरवसा आहे. शाळेत घेण्याआधीच्या मेडिकल तपासणीत डॉक्टरांनी तिचे डोळे पहिल्या नंबरचे म्हणून सांगितलेत. तिथं फॉर्मवर शंभर प्रश्न होते, चक्कर येते का, फिट येते का, रात्री घोरता का. आम्ही दोघं हसत हसत 'नाही, नाही, नाही' लिहीत गेलो होतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. दुकानातली हत्यारं पुजली. पकड, स्क्रूड्रायव्हर, सोल्डर, सगळ्यांना हळदकुंकू. रोहिणीनं घरच्या मशीनलाही झेंडूची माळ घातली. पंख्यात पाकळ्या जातील म्हणून मी ती काढून हँडलला घातली. परवा सुकन्या शाळेच्या हॉस्टेलवर जाईल, सोमवारपासून खरं उड्डाण. दौंडच्या पुढं तर आहे, शनिवारी संध्याकाळी घरी.

रोहिणीची मावशी भागूबाई मिरजगावाहून आलीय. जेवताना सगळे बोलत होते आणि सुकन्या पुरणपोळीचा घास हातात धरून थांबली. मावशीनं तिच्याकडं बघितलं ते बघतच राहिली. घास तोंडात गेल्यावर मावशी म्हणाली, "ही आशीच बसती का गं? आमच्या धाकल्या दिराचं आसंच हुतं. भाकर हातात धरून बसायचा. आमी हसायचो. मग येक दिस हिरीवर..."

रोहिणीनं तिला तिथंच तोडलं. सणाच्या दिवशी कशाला ते, म्हणाली आणि पानात भात वाढला. हात धुताना मावशी माझ्याजवळ येऊन हळूच बोलली की पोरीला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. मी म्हटलं, मावशी, ती पाण्याजवळ नाही, ढगाजवळ जाणार आहे. मावशी हसली नाही. जुनी माणसं सणासुदीलाच असलं काहीतरी काढतात.

१२ ऑक्टोबर, रविवार

पोरगी उडाली! शेजारी शिकवणारे कॅप्टन साहेब होते, पण हँडल हिच्या हातात. बुधवारी दुपारी दुकानावरून एक छोटं विमान गेलं, मी रस्त्यात उभा राहून हात हलवला. नंतर कळलं की ते तिचं नव्हतं. तरी हात हलवल्याचं समाधान आहेच.

घरी आल्याबरोबर ती मशीनवर बसली. चाळीस मिनिटं उडाली. अडकलं का, विचारलं तर म्हणाली, थोडंसं. मग म्हणाली, पप्पा, खऱ्या विमानातही कधीकधी असं वाटतं. मी हसलो. म्हटलं, खऱ्या जगाला ग्राफिक कार्ड लागत नाही. ती पण हसली. थोडं उशिरा हसली.

२ नोव्हेंबर, रविवार

कॅप्टन साहेबांचा फोन आला होता. माणूस फार सभ्य आहे, वायुदलात होते. म्हणाले, मुलगी हुशार आहे, हात हलका आहे, उतरणं तर सुंदर. पण रेडिओवर विमानतळाचा मनोरा बोलवतो तेव्हा कधीकधी उत्तरच देत नाही. परवा वळणावर वळायचं सोडून सरळ जात राहिली, त्यांनी हँडल घेतल्यावर भानावर आली. घरी काही ताण आहे का, झोप होते का, असं विचारत होते. हे थांबलं नाही तर एकटीनं उडायची परवानगी लांबेल म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. आणि मग सगळं लख्ख दिसलं. हा माझा दोष आहे. माझं मशीन अडकतं, चित्र सुरू व्हायची वाट बघत ती थांबते. तीन महिने तिला मी थांबायची सवय लावली. आता खऱ्या विमानातही तिचा हात थांबतो. वासराला दाव्याची सवय लागली की दावं सोडलं तरी ते तेवढ्याच घेरात चरतं, तसं झालंय.

रोहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, येकदा नगरला डॉक्टरला दाखवू का? झोपंचं तरी इचारू." मी तिच्यावर चिडलो. मेडिकलच्या कागदावर एकदा डॉक्टरची शंका लागली की सगळं थांबतं, हे तिला कळत नाही. मशीनचा रोग मशीनलाच बरा करायचा.

९ नोव्हेंबर, रविवार

श्रीरामपूरच्या राधाकृष्णकडून नवं ग्राफिक कार्ड आणलं. पार्टचा व्यापारी म्हणून तो सांगतो त्यातलं निम्मंच खरं धरायचं, पण कार्डाबद्दल खोटं बोलला नाही. बरोबर मोठा वळणदार स्क्रीन घेतला, भिंतभर. पाहुणे आले की टीव्ही समजतात.

चित्रं आता साठच्या खाली येत नाहीत. आणि काय चित्र! मावळतीकडं तोंड करून विमान नेलं की सूर्य विमानाच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमागून येतो आणि उजेड लखलख लखलख तोंडावर पडतो. मला स्वतःला डोळे मिटावे लागले. पूर्वीच्या कार्डावर सूर्य म्हणजे नुसता पिवळा ठिपका होता.

आणि तरी अडकलं. पूर्वीपेक्षा जास्त अडकलं.

पण आज एक धागा हाती लागला. सकाळच्या उड्डाणात अडकत नाही. पूर्वेला, दक्षिणेला जाताना क्वचित. संध्याकाळी पश्चिमेला सूर्य समोर असला की हमखास. उघड आहे, पात्यांमधून येणाऱ्या उन्हाचा हिशोब कार्डाला जड जातोय. गिऱ्हाईक नुसतं 'हँग होतं' म्हणतं, कधी होतं ते सांगत नाही. कधी ते कळलं की अर्धी दुरुस्ती झाली.

म्हणून सुकन्याला पुन्हापुन्हा तेच करायला लावलं. मावळतीकडं, उन्हात, परत फिर, पुन्हा मावळतीकडं. चौथ्या वेळी ती म्हणाली, पप्पा, संध्याकाळचं नको, डोकं दुखतंय. मी म्हटलं, जिथं अडकतं तिथंच बघितलं पाहिजे, बाळा. मग तिनं आणखी दोनदा केलं. जेवली नाही, लवकर झोपली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुकन्या हॉस्टेलवरून स्कूटीवर येताना कारखान्याच्या वळणावर रस्ता सोडून पाटाच्या चारीत गेली. देवाची कृपा, चारी कोरडी होती. गुडघा फुटलाय, कोपर सोललंय. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्यांची रांग येत होती. ट्रॅक्टरवाला उतरून तिला घरापर्यंत घेऊन आला. भला माणूस. म्हणाला, लांबनं हॉर्न वाजवत हुतो, ताई सरळ माझ्याकडंच येत हुत्या, आयत्या वेळेला मीच गाडी वढली.

मी तिला मोबाइलपायी खूप बोललो. गाडी चालवताना कशाला तो हातात पाहिजे. नंतर रोहिणीनं सांगितलं की मोबाइल सॅकमध्ये होता, सॅकची चेन लावलेली होती. मग विचारलं तर म्हणाली, ट्रॉली दिसलीच न्हाई. या ट्रॉल्यांना ना दिवा ना लाल पट्टी. कारखान्यानं त्यांना सक्ती केली पाहिजे.

स्कूटी दुरुस्तीला टाकली. सध्या एसटीनं जाईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

पेढे वाटले! कॅप्टन साहेबांचा फोन आला. दोन आठवड्यांत एकही चूक नाही, रेडिओवर उत्तरं वेळेवर. सोमवारी आठ डिसेंबरला एकटीनं उडायचं. धावपट्टीवरून वर, एक गोल चक्कर, खाली. त्या दिवशी आईबापाला बोलावतात, उतरल्यावर पोरांच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात.

घरीही तेच. मी सूर्याचे झोत सेटिंगमधून कमी केले, पडद्याचा उजेड उतरवला आणि रोग पळाला. आज तीनदा विचारलं, अडकलं का? तीनदा म्हणाली, "आता न्हाई अडकत, पप्पा." हे वाक्य ऐकायला मी तीन महिने थांबलो होतो. पहिल्यांदा माझ्या मनातलं अंगण सरळ झालं.

रोहिणीला मात्र कुठलीच गोष्ट गोड लागत नाही. म्हणते, मी भाकरी थापत असते तेव्हा आतून मशीनमधल्या त्या रेडिओवालीचा आवाज येतो, ती तेच तेच दोनदा बोलते आणि आपली पोरगी उत्तर देत नाही. मी म्हटलं, तुला इंग्रजी कळतं का? ती म्हणाली, "इंग्रजी न्हाई कळत, पन हाक कळती."

३० नोव्हेंबर, रविवार

रोहिणीच्या बोलण्यानं डोक्यात किडा सोडला तो निघेना. दुकानातला एक कॅमेरा आणून सिम्युलेटरच्या खोलीत लावला. एका चौकटीत पडदाही येतो आणि बाजूनं सुकन्याही. आठ तारखेच्या आधी चित्र खरंच सुरळीत आहे याचा पुरावा असावा, म्हणजे रोहिणीचंही तोंड बंद होईल. सुकन्याला सांगितलं तर तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कशाला पप्पा? आता तर अडकत न्हाई." म्हटलं, तुझ्यासाठी नाही, मशीनसाठी आहे.

संध्याकाळी ती तासभर उडाली. उजेड मी पुन्हा पूर्ण ठेवला होता. परीक्षा घ्यायची तर पूर्ण घ्यावी.

रेकॉर्डिंग बघायला आठवडाभर वेळ मिळणार नाही. श्रीगोंद्याच्या पतसंस्थेचे कॅमेरे बसवायचेत.

६ डिसेंबर, शनिवार. सकाळी

काष्टीचा बाजार, गिऱ्हाईक उशिरा येतं. दुकानात बसून रविवारचं रेकॉर्डिंग लावलं. विमान मावळतीकडं वळलं. थोड्या वेळानं एक विचित्र गोष्ट दिसली.

चौकटीतलं निम्मं चित्र चालू होतं, निम्मं अडकलेलं. पडद्यावरचे ढग मागं जात होते, खालचा रस्ता सरकत होता, पात्यांतून ऊन लखलखत होतं. आणि सुकन्याचा भाग थांबला होता. हँडलवर हात तसाच, मान तशीच, पापणी फक्त बारीक फडफडत होती. रेडिओवरची बाई दोनदा हाक मारून गेली. मग सुकन्याचा भाग पुन्हा सुरू झाला आणि तिनं हँडल हलवलं, मध्ये काही झालंच नाही असं.

बावीस वर्षांत अर्धी चौकट अडकलेली मी पाहिली नाही. कॅमेरा अडकला तर सगळं चित्र अडकतं. रेकॉर्डर खराब असावा, नाहीतर हार्ड डिस्कमध्ये काही गडबड. दुसऱ्या रेकॉर्डरवर लावून बघतो.

६ डिसेंबर, दुपारी

दुसऱ्या रेकॉर्डरवर लावलं. तेच.

हळू करून बघितलं. तिच्या शेजारी टेबलफॅन होता. तिची ओढणी वाऱ्यानं हलत होती. कानाजवळचे केस हलत होते. चित्राचा तो भाग चालूच होता. सगळं चालू होतं.

तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये असं कितीदा झालं ते मी बघत गेलो आणि पाचव्या वेळेनंतर बघवेना. रेघ सरळ होती ती यासाठी. व्होल्टेज ठीक होतं. सगळं ठीक होतं. ट्रॉलीसुद्धा वेळेवर हॉर्न वाजवत होती. आणि मी तिला उन्हाकडं तोंड करून पुन्हापुन्हा पाठवत होतो, कुठं अडकतं ते बघायला.

घरी गेलो आणि रोहिणीला दाखवलं. तिनं एकदाच बघितलं. पदर तोंडाला लावून खाली बसली. म्हणाली, "चुलीफुडंबी आशीच थांबायची. मी तंद्री म्हनायचे." मग मावशीला फोन लावला आणि दिराबद्दलचं ते अर्धवट वाक्य पुरं करून घेतलं. विहिरीवर पाणी शेंदताना तो असाच थांबला होता. तोल सावरायला तो तिथं नव्हताच.

नगरच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर घेतला. मंगळवारची वेळ मिळाली. सोमवार त्याच्या आधी येतो.

संध्याकाळी सुकन्या आली. पाण्याची बादली आपणच ओतायची का तिथले लोक, असं हसत विचारत होती. मी रेकॉर्डिंग आज तिला दाखवलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

खरं लिहितो, ही वही कुणी वाचणार नाही. काल अंथरुणावर पडल्यावर माझ्या मनात आलं की सोमवारी एकच चक्कर आहे. तिकडं आईबाप उभे असतील. एवढ्याशा वेळात कशाला होईल? वर जाऊन खाली यायचं, मग मंगळवारी डॉक्टर. पोरीच्या आयुष्यात एक दिवस तरी होऊन जाईल. हा विचार माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. तो मी बराच वेळ कुरवाळला आणि मग मला स्वतःची भीती वाटली.

सकाळी कॅप्टन साहेबांना मेसेज लिहिला. 'सर, सुकन्याला सोमवारी एकटीला विमान देऊ नका. तिला फिटसारखं काहीतरी होतं. मी कॅमेऱ्यात पाहिलंय. तिला माहीत नाही. डॉक्टरांना दाखवतोय.' लिहिला, पण पाठवला नाही. तिच्या माघारी पाठवायचा धीर होईना. म्हटलं, आधी तिला दाखवू.

दुपारी जेवणं झाल्यावर तिघं बसलो. मी रेकॉर्डिंग लावलं. तिनं स्वतःला थांबलेलं बघितलं. रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही.

म्हणाली, "मला म्हाईत हाय."

रोहिणी म्हणाली, कधीपास्नं? ती म्हणाली, हॉस्टेलवर गेल्यापासून शंका होती. स्कूटी चारीत गेली तेव्हा खात्री झाली. हॉर्न ऐकू आला तो चारीत पडल्यावरच. मग मेसेजमधली एक ओळ खोटी आहे हे मला कळलं आणि मी ती खोडली. 'तिला माहीत नाही' एवढीच. बाकीचं तसंच ठेवलं.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, तुमी पयल्या दिवशी म्हनला मशीनचं हाय. मला लई बरं वाटलं. मशीनचं आसलं तर पार्ट बदलता येतो."

पुढचंही लिहितो.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, उद्याचं एकदा करू द्या. दौंड-नगर-पुणे, कुठं म्हणाल त्या डॉक्टरकडं येते. म्हणाल ते औषध घेते. उद्यानंतर पुन्हा विमानाचं नावसुद्धा काढणार नाही. ती इतक्या समजुतीनं, इतक्या शहाणपणानं बोलत होती की रोहिणीसुद्धा माझ्याकडं बघायला लागली. मीही मनात पुन्हा तेच कुरवाळायला लागलो, एकच चक्कर. फोन माझ्या दुसऱ्या हातात होता.

"आन् आता होतच न्हाई पप्पा," ती म्हणाली. "आत्ता तुमी बघितलं ते मागच्या रविवारचं हाय, उजेड लई हुता म्हनून. ह्या आठवड्यात मला..."

आणि ती थांबली.

तोंड किंचित उघडं होतं. डोळे माझ्याकडंच होते, पण माझ्यावर नव्हते. पापणी फडफडत होती. माझ्या हातावरचं तिचं बोट सदऱ्याच्या बाहीची कड चोळत होतं, तेवढंच. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं, बाहेरून उसाची ट्रॉली गेली. रोहिणी तिला हाक मारायला पुढं झाली. मी मानेनं नको म्हटलं.

लहानपणी ती अशी थांबली की आम्ही टाळी वाजवायचो आणि हसायचो. आज मी टाळी वाजवली नाही. अंगठ्यानं मेसेज पाठवला. एक खूण आली, मग दुसरी, मग दोन्ही निळ्या झाल्या.

"...एकदाबी झालं न्हाई," सुकन्यानं वाक्य पुरं केलं. माझा हात तिनं अजून धरलेला होता. "म्हना की पप्पा. जाऊ ना उद्या?"